वेरूळ एकदिवसीय पॅकेज : गाडी एवढी स्वस्त कशी, ते दुकानात कळतं

आधी गुण देऊन टाकते. ड्रायव्हरला पाचपैकी साडेचार. गाडीला तीन. बुकिंग घेणाऱ्या एजन्सीला दीड. आणि वाटेत जिथं गाडी वळवली त्या ‘हातमाग विणकाम केंद्रा’ला शून्य द्यायची सोय नाही म्हणून एक.

एजन्सीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर हा धंदा एकट्या त्यांचा नाही, आणि दुसरं म्हणजे अशा पाट्या बदलायला वेळ लागत नाही. हे सगळं चालतं कसं ते नीट सांगते, म्हणजे कुठल्याही पाटीखाली ओळखू येईल.

मी परभणीची. घरीच फॉल-पिकोचं काम करते, साड्या पॉलिशलाही घेते. लग्नसराईत बसायला जागा राहत नाही इतका ढीग पडतो. साडी मी समोरून कमी आणि मागून जास्त बघते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं त्याचं काम आहे.

पुण्याहून भाऊजी आणि जाऊबाई आले होते. सोबत पुतणी आणि तिची हॉस्टेलची मैत्रीण, नेपाळची. पोरींना लेणी बघायची, जाऊबाईंना घृष्णेश्वराचं दर्शन, भाऊजींना दौलताबादचा किल्ला. आमच्या ह्यांना सुट्टी नव्हती, म्हणून पाहुण्यांना घेऊन मीच निघाले. परभणीहून रेल्वेनं संभाजीनगर, आणि तिथून गाडी.

दोन-तीन ठिकाणी फोन केले. सात सीटच्या गाडीला कुणी तीन हजार म्हणालं, कुणी बत्तीसशे. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, येताना मकबरा. ही एजन्सी म्हणाली, सतराशे. डिझेल, पार्किंग, ड्रायव्हर सगळं धरून. जाऊबाई खूश. मला मात्र तिथंच खटकलं. वेरूळ काही फार लांब नाही, तीसेक किलोमीटर. पण गाडी दिवसभर अडकते, तिचा हप्ता आहे, माणसाची रोजी आहे. बाकीचे बत्तीसशे मागायलेत आणि हा एकटा सतराशेत नेतो, तर उरलेले पैसे कुणीतरी दुसरा देत असणार. तो दुसरा कोण, हे संध्याकाळपर्यंत कळलंच.

बुकिंगची गंमत आधी ऐका. मी सहज विचारलं, मंगळवारी जमेल का? फोनवरचा पोरगा म्हणतो, “हो मॅडम, मंगळवारच घ्या, मंगळवारी गर्दी नसते.” गर्दी कुठून असणार, वेरूळची लेणी मंगळवारी बंदच असतात! अजिंठा सोमवारी बंद. पुण्या-मुंबईच्या, परराज्यातल्या माणसाला हे वार माहीत नसतात. तो पोचतो, दार बंद, मग “मॅडम, आता आलोच आहोत तर इथली पैठणी बघून घेऊ, हिमरू बघून घेऊ.” दिवस सगळा दुकानात. मी म्हटलं, बुधवार लिही. तर म्हणाला, “बरं बरं, तुम्हाला माहितीये म्हणा की.” लाज नावाला नाही.

मग त्यानं पूर्ण पैसे आधी मागितले, यूपीआयनं. मी तीनशे दिले, बाकी गाडीतून उतरल्यावर म्हटलं. कुरकुरला, पण मानला. यावर एक सांगते, कारण भाऊजींच्या ऑफिसातल्या एकाला याच रस्त्यानं गाठलं होतं. यात्री निवासाची खोली बुक करायला नेटवर नंबर शोधला, पहिलाच जो दिसला त्यावर पैसे पाठवले, खोली काही मिळेना. पैसे परत मागितले तर समोरचा म्हणाला, रिफंड पाठवलाय, फक्त पिन टाका. पिन टाकला की आणखी पैसे गेले. पैसे येताना पिन कधीच लागत नाही, तो फक्त जाताना लागतो. असं झालंच तर रडत बसायचं नाही, लगेच 1930 ला फोन लावायचा. जितका लवकर लावाल तितकी पैसे वाटेत अडवले जायची शक्यता जास्त. आणि देवस्थानाच्या भक्त निवासाचा नंबर नकाशावरून उचलू नका. तिथले नंबर कुणीही बदलायला सुचवू शकतं.

बुधवारी सकाळी गाडी आली, वेळेवर. पाटी बघते तर पांढरी. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, त्यावर काळे आकडे. पांढरी म्हणजे घरगुती गाडी. ती भाड्यानं चालवायला परवानगी नाही, आणि काही कमी-जास्त झालं तर विमा कंपनी हात वर करते. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, “पिवळी गॅरेजला आहे, मावशी.” गाडीचे दोन गुण इथंच कापले. पाहुणे सामानासकट खाली उभे होते म्हणून बसलो.

ड्रायव्हर मात्र गुणी. कन्नडकडचा पोरगा, चोवीस-पंचवीसचा. गाडी सावकाश, हॉर्न कमी, फोन कानाला नाही.

दौलताबाद लवकर उरकते. किल्ला सुंदर आहे, चढ आहे, पाणी न्या. अंधारीच्या, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयाराच्या, तोंडाशी एक माणूस टेंभा दाखवायला उभा होता, त्यानं माणशी पन्नास सांगितले. पोरींनी मोबाईलची बॅटरी लावली आणि निघाल्या. पण तो जे दाखवतो, शत्रू आत शिरला की कुठं वळायचा आणि कुठं पडायचा, ते ऐकायची मजा आहे. ऐकायचं असेल तर आत शिरण्याआधी रक्कम ठरवा, सगळ्यांची मिळून. बाहेर आल्यावर ठरवायला गेलं की “आमच्या पोटावर” सुरू होतं.

वेरूळला तिकिटाच्या खिडकीपासून थोडं अलीकडं एक जण भेटला. नीटनेटका, गळ्यात रिकामी दोरी, कार्ड खिशात. नेपाळच्या पोरीचं बोलणं ऐकून म्हणाला, “फॉरेनरला सहाशे रुपये तिकीट. रांग मोठी आहे, द्या मी आणून देतो.” सहाशेचा दर खोटा नाही, परदेशी पाहुण्यांना तो आहेच. पण नेपाळ, भूतान, श्रीलंका, बांगलादेश अशा सार्क देशांच्या आणि थायलंड, म्यानमारसारख्या बिमस्टेक देशांच्या लोकांना आपल्याएवढंच तिकीट पडतं, चाळीस रुपये. कागद सोबत हवा. पुतणीनं खिडकीवर जाऊन विचारलं, पोरीनं ओळखपत्र दाखवलं, चाळीसमध्ये काम झालं. रांगेत चार माणसं होती. पंधरा वर्षांखालच्या लेकरांना तिकीटच नाही, हेही तिथला पोऱ्या सांगणार नाही. मोबाईलवरून काढलं तर आणखी थोडं स्वस्त पडतं, फक्त पुरातत्त्व खात्याच्या स्वतःच्याच साइटवरून काढा.

तोच माणूस मग गाइड झाला. “कैलासाच्या खाली बोगदा आहे, सरकारनं बंद केलाय, माझी ओळख आहे.” भाऊजींचे कान टवकारले. मी म्हटलं, कार्ड दाखवा. पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेला गाइड ते गळ्यात घालूनच फिरतो, मागावं लागत नाही. ह्याचं कार्ड शेवटपर्यंत खिशातून निघालं नाही. आणि कैलासाला बोगद्याची गोष्ट कशाला जोडायची हेच मला कळत नाही. वरून खाली खोदत आणलेलं अखंड डोंगरातलं देऊळ आहे, राष्ट्रकूटांच्या कृष्ण पहिल्याच्या वेळचं, आठव्या शतकातलं. समोर उभं राहिलं की मान दुखेपर्यंत बघवतं, त्याला आणखी मसाला लागतो का?

आता वेळेचं गणित बघा, फसवणूक खरी तिथं आहे. लेणी एकूण 34. एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. सोळावं कैलास मधोमध. जैन लेणी उत्तरेला लांब पडतात. ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, कैलास बघा, दहावं बघा, बस झालं. जैन लेण्यांत काही नाही, बंदच असतात.” बत्तिसावी इंद्रसभा ज्यानं बघितली तो असं म्हणणार नाही. घड्याळात साडेबारा झाले होते. आमच्याकडं दिवस पडला होता, मग घाई कुणाला? घाई दुकानाला होती. पॅकेजमध्ये लेणी दीड तास आणि “शॉपिंग व डेमो” दोन तास असं लिहिलेलंच होतं, बारीक अक्षरात, मकबऱ्याच्या आधी.

घृष्णेश्वराचं दर्शन छान झालं. बाहेर एका दुकानदारानं “चपला फुकट ठेवा” म्हणून बोलावलं आणि काढल्याबरोबर तीनशेचं ताट हातात. जाऊबाईंनी ताट परत ठेवलं, चपला उचलल्या, शेजारी ठेवल्या. साध्या दर्शनाच्या रांगेला पैसे लागत नाहीत. अभिषेक करायचा असेल तर आधी दर विचारा आणि पावती घ्या. पुरुषांना गाभाऱ्यात उघड्या अंगानं जावं लागतं, तेव्हा भाऊजींसारखं पाकीट शर्टाच्या खिशात विसरून शर्ट भलत्याच्या हातात देऊ नये.

मग गाडी वळली. “दहा मिनिटं, मावशी. मागावर कसं विणतात ते बघा, घेऊ नका काही.”

दाराशी एक पोरगं बसलेलं, हातात लांब वही. आम्ही उतरायच्या आत त्यानं गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली, माणसं मोजली. पाच. समोर पाटी, “शासनमान्य”, खाली कोणत्या खात्यानं मान्य केलं त्याचा पत्ता नाही. आत शिरताच उजव्या हाताला एक माग, त्यावर एक वयस्कर विणकर. मोराचा पदर चालू होता. त्याचं काम मी बघतच राहिले. प्रत्येक रंगाची वेगळी बारीक कांडी, एक रंग संपतो तिथं दुसरा त्यात अडकवून पुढं. खालच्या बाजूला धागा लोंबत नाही, उलटा मोरही सुलट्याइतकाच साफ. मी विचारलं, किती दिवस लागायलेत? म्हणाले, “एवढ्या पदराला महिना गेला, अजून आहे.” आणि हळूच म्हणाले, “मी इथं रोजंदारीवर आहे, ताई. हे वेगळं, आतलं वेगळं.”

हेच ते सगळं. मागावर खरं, कपाटात दुसरं. एका मागावर महिन्याला एक पदर उतरत नाही आणि आतल्या खोलीत भिंतभर पैठण्या रचलेल्या. त्या कुठून आल्या हे विचारायची वेळच येऊ देत नाहीत, कारण तोवर चहा येतो.

गादीवर बसवलं. सेल्समन बोलायला साखर. एक जांभळी उघडली, मोरांचा पदर, नारळी काठ. किंमत साडेअठ्ठावीस हजार, महोत्सवाची साठ टक्के सूट, अकरा हजार चारशे. जाऊबाईंनी अंगावर घेतली. साडी दिसायला सुरेखच होती, खोटं कशाला बोलू?

मग त्यानं काडी पेटवली. हा खेळ तुमच्यासमोरही होईल म्हणून बारीक सांगते. मागाजवळच्या लडीतून एक धागा तोडला, जाळला. “वास घ्या मॅडम, केस जळल्यासारखा येतो ना? राख बघा, चुरगळते. प्युअर सिल्क.” बरोबरच आहे. रेशीम तसंच जळतं. पण जळाली ती लड, साडी कुठं जळाली? मी म्हटलं, ह्या साडीचा काढा. तो जरा थबकला, मग पदराच्या दशीतला एक धागा काढून जाळला. तोही केसासारखाच जळाला. जाऊबाई माझ्याकडं बघायला लागल्या, आता काय म्हणतेस?

दशीचा धागा हा ताण्याचा असतो, उभा. आडवा असतो तो बाणा. उभं रेशीम घालायचं आणि आडवं पॉलिएस्टर भरायचं ही जुनी युक्ती आहे, आणि दशी जाळून दाखवणारा तुम्हाला फक्त अर्धं कापड दाखवतो. माझ्या पर्समध्ये सुई असतेच. साडीच्या टोकाला शेवटची आडवी ओळ सुईनं उचलली, वीतभर धागा ओढून घेतला. सेल्समन म्हणाला, “मॅडम, साडी खराब होईल.” म्हटलं, फॉल लावताना मी रोज हेच करते, काही होत नाही. भाऊजींनी काडी ओढली. धागा जळला नाही, आकसला, वितळला आणि टोकाला काळा मणी झाला. मणी बोटानं दाबला तर चुरगळेना. प्लास्टिकचा वास.

मग मी पदर उलटा केला. खऱ्या हातमागाच्या पैठणीला उलटी-सुलटी बाजू शोधावी लागते. यंत्रावरच्याला मागं मोराच्या अंगाखाली लांब धागे सुटलेले असतात, कापलेले, खरखरीत. पिकोच्या मशीनच्या पायात तेच अडकतात आणि शिव्या मी खाते. आणखी एक खूण, ती फारसं कुणी सांगत नाही. हातमागावर कापड रुंदीत ताणून धरायला दोन्ही काठांना टोकं असलेली काठी लावतात, तिची बारीक बारीक भोकं काठावर राहतात. ह्या साडीचा काठ गुळगुळीत.

सेल्समन हुशार. म्हणाला, “मॅडम, सिल्क मार्क आहे बघा.” चिठ्ठी होती, पण ती कपाटाच्या काचेला चिकटवलेली. साडीला नव्हती. सिल्क मार्क ही केंद्रीय रेशीम मंडळाकडची खूण, 2004 सालापासूनची. ती साडीला लावलेली असते, त्यावर नंबर असतो, तो तपासता येतो. आणि ती एवढंच सांगते की रेशीम शुद्ध आहे. हातानं विणलंय की यंत्रावर, ते ती सांगत नाही. त्यासाठी हातमागाची खूण वेगळी. पैठणीला 2010 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्याचं मोठं पोस्टर तिथं लावलं होतं. पोस्टर कुणीही लावील.

एक बाजू त्यांचीही सांगते. यंत्रावरची, निम्मी पॉलिएस्टरची साडी विकणं हा गुन्हा नाही. सेमी पैठणी म्हणून बाजारात उघड मिळते, दोन-अडीच हजारांत, मी शेकड्यांनी फॉल लावलेत. दिसते चांगली, धुवायला सोपी, लेकरांच्या मुंजीला बिनधास्त नेसता येते. तिला साडेअठ्ठावीस हजारांची चिठ्ठी लावणं हा प्रश्न आहे. आम्ही उठलो तेव्हा ती अकरावरून नऊवर आली होती, चपला घालताना सातवर आणि दाराशी सहावर. एवढी घसरणारी किंमत आधी किती फुगवलेली होती ते समजून घ्या.

शेजारच्या गादीवर एक गुजराती कुटुंब हिमरूची शाल घेत होतं. हिमरू म्हणजे सुती ताण्यावर रेशमी बाणा. त्यांच्या हातातली शाल मी नुसती बोटांत धरली, सगळी कृत्रिम. त्यांना आमची भाषा कळत नव्हती, माझी हिंदी परभणीची. तरी म्हटलं, “भाभी, पक्का बिल लो.” बिल म्हणजे काय, तर छापील कागदावर “एस्टिमेट” आणि खाली “माल परत घेतला जाणार नाही.” जीएसटी नंबर नाही. अशा कागदावर पैसे देऊ नका. पक्कं बिल न देणं आणि खराब माल परत न घेणं, दोन्हीला 2019 च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापार प्रथाच म्हटलंय, आणि बिलावर मुदत लिहिली नसेल तर तीस दिवस धरतात. ग्राहकांची हेल्पलाइन 1915. पण दाद मागायला हातात बिल लागतं, आणि त्यावर “हातमाग, शुद्ध रेशीम” असं दुकानदाराच्या हातानं लिहिलेलं लागतं. “तसं लिहून द्या” म्हटलं की किती दुकानदारांना पेन सापडत नाही ते बघा.

निघताना दारातल्या पोरानं मोबाईल पुढं केला. पाच तारे द्या, किचेन फुकट. पुतणीनं दाखवलं, नेटवर त्या दुकानाला पावणेपाच गुण होते. सगळे असेच, चहा पिता पिता, माल घरी जाऊन धुवायच्या आधी दिलेले. म्हणून माझी सवय झाली आहे, पाचवाले नि एकवाले सोडून द्यायचे, दोन आणि तीनवाले वाचायचे. त्यांत साडीचा रंग गेल्याचं, काठ उसवल्याचं लिहिलेलं असतं.

गाडीत बसल्यावर ड्रायव्हर गप्प. मी म्हटलं, बाबा, तुझ्यावर राग नाही, खरं सांग, गाडी इथं उभी केल्याचं काय मिळतं? आधी नाही नाही म्हणाला. मग सांगितलं. गाडी दारात लागली की दोनशे, खरेदी होवो न होवो. खरेदी झाली तर त्यावर टक्का, तो एजन्सी आणि ड्रायव्हर वाटून घेतात. एजन्सी त्याला दिवसाचे तीनशे देते. “मावशी, सतराशेत डिझेल तरी निघतं का? तुम्ही दुकानात नाही गेलात तर माझी रोजी जाते.” पुढं हिमरूचं आणखी एक दुकान ठरलेलं होतं, पुन्हा दोनशे.

भाऊजींनी हिशेब केला. म्हणाले, तीनशे आम्ही देतो, दुकान रद्द, गाडी मागं फिरव. पोरगं इतकं हसलं! आम्ही परत वेरूळला गेलो. तिकीट त्याच दिवसाचं होतं, दारावरच्या माणसानं हटकलं नाही. जैन लेणी उघडी होती, सगळी. इंद्रसभेत वरच्या मजल्यावर छताला रंग अजून शिल्लक आहे, तो पोरींनी तास-तास बघितला. मकबरा त्यामुळं राहिला, त्याचं मला काही वाटलं नाही. बसमधून शहरात उतरलं की रिक्षानं कधीही जाता येतं.

हे तीनशे सगळ्यात चांगले खर्च झाले असं माझं मत आहे. म्हणून आता गाडी सांगताना मी भाव कमी करायलाच जात नाही. उलट आधीच सांगते, एकाही दुकानात थांबणार नाही, त्याचे वेगळे काय ते धरा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. लिहून मागितलं की निम्मे जण फोनच उचलत नाहीत.

खरी पैठणी घ्यायचीच असेल तर अर्धा दिवस काढून पैठणला जा. वेरूळच्या उलट्या बाजूला आहे, शहरापासून पन्नासेक किलोमीटर. तिथं विणकरांच्या घरीही माग चालू असतात. माग बघा, त्याच मागावरची साडी मागा, आणि किंमत हजारांत दोन आकडी ऐकायची तयारी ठेवा. चार हजारांत हातमागाची शुद्ध रेशमी पैठणी कुणी देत असेल तर वरची सुईची गोष्ट आठवा.

अजिंठ्याचं थोडक्यात. शहरापासून शंभर किलोमीटर. फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी गाडी ठेवावी लागते, तिथून लेण्यांपर्यंत एसटीची बस. गाडी थेट वर नेतो म्हणणारा खोटं बोलतो. बसपर्यंत जाताना दुकानांच्या रांगेतूनच जावं लागतं. तिथं एक जण हातात चमकता खडा ठेवतो, “गिफ्ट आहे, पैसे नकोत, फक्त माझं नाव लक्षात ठेवा.” येताना तो तुम्हाला बसच्या दारात गाठतो, आणि घेतलेल्या खड्याची आठवण करून दुकानात नेतो. खडा घेऊच नका, हात मागं ठेवा. दगड घ्यायला वाईट नाहीत, आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळीतच हे स्फटिक तयार होतात आणि पांढरे, फिक्या हिरव्या रंगाचे खरे सुंदर असतात. पण भडक गुलाबी, जांभळा, निळा दिसला तर ओला रुमाल घासून बघा. रुमाल रंगला की ठेवून द्या.

काल एजन्सीचा फोन आला होता. दोन तारे वाढवले तर पुढच्या ट्रिपला पाचशे कमी. मी म्हटलं, पाचशे त्या पोराच्या रोजीत घाला, मग बघू. अजिंठ्याला पुढच्या महिन्यात माहेरची माणसं घेऊन जायचंय. गाडी दुसरीकडं सांगितली आहे, पिवळ्या पाटीची, पाच हजार दोनशे, “दुकान नाही” असं लिहून आलंय. वार गुरुवार.